उभ्या गाडीतील उंदीर

गणपतीच्या पायाशी बसलेला उंदीर पाहिला की आपले हात जुळतात, आणि तोच उंदीर पोह्यांच्या डब्यामागे दिसला की हात केरसुणीकडे जातो. यातली विसंगती आपल्याला ठाऊक नसते असे नाही. ती पोटात घालून आपण पिढ्यान् पिढ्या संसार करीत आलो आहोत, आणि प्रस्तुत लेखकही त्यातलाच एक आहे. परंतु गेल्या वर्षी आश्विनात बमरोली येथे जो एक क्षुल्लक प्रसंग घडला, त्याने ही पोटात घातलेली विसंगती पुन्हा वर काढली. प्रसंग उंदरांचा आहे, म्हणून वाचकांनी हसून पान उलटू नये अशी विनंती आहे.

बमरोली हे सुरतेच्या दक्षिण अंगाला, पांडेसरा-उधन्याला लागून असलेले ठिकाण. एके काळचे गाव, आता मागांच्या शेडी आणि कापड रंगविण्याचे कारखाने यांत बुडून गेलेले. दिवसरात्र मागांची खटखट चालू असते आणि तिची इतकी सवय होते की ती थांबली तरच जाग येते. या भागात मराठी कानावर पडते ती बहुतेक खानदेशची. धुळे, जळगाव, नंदुरबार येथून तापीच्या काठाकाठाने जाणाऱ्या रेल्वेने आलेली ही माणसे. त्यांच्यात आम्ही गोव्याकडची तीनचार घरे, घरात कोंकणी आणि देवळात मराठी बोलणारी. कुलदेवता तिकडे दूर, मंगेशी आणि कवळ्याला. आणि वर्षातून एकदा तिच्या पायांवर डोके ठेवल्याशिवाय आमच्या वडीलधाऱ्यांना चैन पडत नाही.

यासाठी तीन घरांनी मिळून एक जुनी मिनीबस घेतली. आतली आसने काढून चार जणांना निजता येईल अशा फळ्या बसविल्या, गॅसची शेगडी, पाण्याची टाकी आणि एका कोपऱ्यात हातभर उंचीचा देव्हारा. महाराष्ट्र शासनाने २०२१ साली अशा गाड्यांच्या पर्यटनासाठी धोरण जाहीर केले, तेव्हापासून ‘कॅराव्हॅन’ हा शब्द वर्तमानपत्रांत रुळला आहे. आमच्या थोरल्या वहिनी मात्र तिला ‘विंचवाचे बिऱ्हाड’च म्हणतात. दसऱ्यानंतर ती दक्षिणेकडे निघते, पुढे उन्हाळ्यापर्यंत कधी सप्तशृंगी, कधी पंढरपूर असे तिचे चालू असते, आणि ज्येष्ठाच्या अखेरीस ती एका बंद पडलेल्या शेडच्या मागे उभी राहते. आश्विन येईपर्यंत तिच्याकडे कोणी ढुंकून पाहत नाही.

चालती गाडी ही गाडी असते. चार महिने उभी राहिली की ती जागा होते. आपण तिला विसरतो, पण पाऊस, गंज आणि उंदीर विसरत नाहीत. गेल्या वर्षी दार उघडले तेव्हा प्रथम वास आला. मग दिवा लावला तर तो लागेना, कारण तारांवरचे वेष्टण जागोजाग कुरतडलेले. फळीखालच्या गादीला बोगदा पडलेला, आणि त्या बोगद्याच्या टोकाला कापूस, सुतळी आणि देव्हाऱ्यातल्या वस्त्राच्या चिंध्या यांचे एक सुबक घरटे. त्यात सहा पिले. गुलाबी, डोळे मिटलेली, बोटाच्या पेराएवढी. आई आमच्या चाहुलीने कोठे तरी सटकली होती.

आम्ही चौघे तेथे उभे होतो. वहिनींनी तोंडाला पदर लावला. मामा म्हणाले, “आता काय करायचे?” या प्रश्नाला उत्तर न देता मी शेडच्या राखणदाराला हाक मारली. हा नंदुरबारकडचा गृहस्थ, शेडला टेकून बांधलेल्या पत्र्याच्या खोलीत बायको व दोन मुलांसह राहतो. मी त्याला म्हणालो, “दादा, तेवढे जरा बघून घ्या.” आणि मी हात धुवायला नळावर गेलो.

परत आलो तेव्हा घरटे नव्हते. त्याने काय केले हे मी विचारले नाही आणि त्याने सांगितले नाही.

सायंकाळी देवापाशी दिवा लावताना मला त्या ‘बघून घ्या’ची लाज वाटली. पिलांची दया आली हा त्यातला लहान भाग. दया तर नळावर जातानाही येत होतीच. लाज याची, की मारणे आवश्यक आहे असे ज्याचे मत झाले होते त्याने ते केले नाही, आणि ज्याने केले त्याला कोणी मत विचारले नाही. आपल्या घरांतून हे फार जुने आहे. नको असलेले काम आपण दुसऱ्याच्या हाताने करवितो आणि स्वतःच्या हाताला सोवळे म्हणतो. महाभारताच्या वनपर्वात मिथिलेच्या धर्मव्याधाची कथा आहे. तो मांस विकतो, पण जनावर स्वतः मारीत नाही, दुसऱ्याने मारलेले विकतो. एवढ्या भांडवलावर तो स्वतःला अहिंसक म्हणवून घेऊ शकला असता. तो तसे म्हणत नाही. उलट तो कौशिक ब्राह्मणाला सांगतो की नांगराच्या फाळाखाली जीव मरतात, चालताना पायाखाली मरतात, हिंसेपासून पूर्ण सुटलेला असा या जगात कोणी नाही. खाटकाच्या तोंडून हे ब्राह्मणाला ऐकावे लागले, आणि ते ऐकण्यासाठी त्याला त्याच्या दुकानापर्यंत चालत जावे लागले, हा त्या कथेतला भाग मला पूर्वी केवळ अलंकार वाटत असे.

मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात गृहस्थाच्या घरातील पाच हिंसास्थाने सांगितली आहेत: चूल, पाटा, केरसुणी, उखळ आणि पाण्याचा घडा. त्यांपैकी एकही शस्त्र नाही. ज्यांच्याशिवाय घर चालत नाही अशा या वस्तू, आणि त्यांच्यामुळे नित्य जीव मरतात म्हणून नित्य पंचमहायज्ञ करावेत, त्यांत एक भूतांसाठी असावा, अशी ती योजना. या विचारातला प्रामाणिकपणा मोठा आहे. येथे गृहस्थाला निष्पाप ठरविण्याची धडपड नाही; त्याच्या हिशेबात रोज काही नावे पडते हे मान्य करून मग पुढे बोलणे आहे. आमच्या फिरत्या बिऱ्हाडात चूल होती, केरसुणी होती, पाण्याची टाकी होती. हिशेब मात्र कोणी ठेवला नव्हता.

आता कोणी म्हणेल, उंदरासाठी एवढे तत्त्वज्ञान कशाला? उंदीर हा रोग आणणारा प्राणी. त्याला मारणे हे कर्तव्यच. सुरतेत राहणाऱ्याला हे म्हणणे सहज झटकता येत नाही. १९९४ च्या सप्टेंबरात येथे फुप्फुसाच्या प्लेगची साथ आली. पन्नासच्या आसपास माणसे दगावली आणि काही दिवसांत लाखो लोक मिळेल त्या गाडीने शहर सोडून गेले. त्याच्या थोडे आधी, ऑगस्टात, बीड जिल्ह्यातील मामला गावी गाठीचा प्लेग दिसला होता. १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर लोकांनी भीतीने सोडलेल्या घरांत धान्य तसेच राहिले व उंदीर माजले, असे त्याचे कारण सांगितले जाते. त्याहून मागे, १८९६ पासून मुंबई-पुण्यात काय झाले हे आपल्या आजी-पणज्यांनी सांगितलेले आहे. सावित्रीबाई फुले प्लेगच्या रोग्यांची सेवा करतानाच १८९७ च्या मार्चात गेल्या. प्लेगचा जंतू उंदरांवरच्या पिसवांतून माणसाकडे येतो, हे सिमों या फ्रेंच वैद्याने १८९८ साली कराचीत दाखविले, तोवर माणसे हवेला, पाण्याला आणि एकमेकांना दोष देत होती.

आमच्या गाडीत शिरले होते ते घरातले चिमुकले उंदीर, कोंकणीतले ‘हुंदीर’. प्लेगच्या इतिहासातले ते मुख्य पात्र नव्हे. पण म्हणून ते निरुपद्रवी ठरत नाहीत. सुरत, नवसारी, वलसाड या पट्ट्यात पावसाळ्यात लेप्टोस्पायरोसिसचा ताप येतो, आणि तो उंदरांच्या व इतर जनावरांच्या मुताने दूषित झालेल्या पाण्याचिखलातून येतो. शिवाय कुरतडलेली तार आणि गॅसची शेगडी एका छताखाली असणे म्हणजे काय, हे सांगायला नको. तेव्हा उंदीर गाडीत नको, हे निर्विवाद आहे. वाद आहे तो ‘नको’ कसे म्हणायचे याचा.

याच सुरतेत दुसऱ्या टोकाचे उत्तरही दिले गेले आहे. ओव्हिंग्टन नावाचा इंग्रज धर्मोपदेशक १६९० साली येथे आला होता. येथील वाणी लोकांनी गाई-घोड्यांसाठी चालविलेल्या इस्पितळाचे त्याने वर्णन केले आहे, आणि पिसवा-ढेकणांसाठीही एक जागा असून त्यांना पोसण्यासाठी एखाद्या गरीब माणसाला पैसे देऊन रात्री तेथे निजवीत, असे लिहून ठेवले आहे. परक्या माणसाने पाहिलेले व ऐकलेले त्यात किती मिसळले असेल ते असो. पांजरापोळीची परंपरा थोर आहे आणि तिची थट्टा करण्याचा माझा हेतू नाही. पण त्या वर्णनातला पैसे घेऊन निजणारा माणूस माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. ढेकणांवरची दया कोणाची, आणि रक्त कोणाचे?

आम्हीही त्याच वाटेने गेलो, हे सांगितले पाहिजे. पिलांच्या प्रकारानंतर मी ठरविले की यापुढे मारायचे नाही, धरून सोडायचे. तारेचा पिंजरा आणला, भाकरीचा तुकडा अडकविला, आणि आठवड्यात पाच उंदीर धरून खाडीपलीकडे नेऊन सोडले. मोठे पुण्य केल्यासारखे वाटत होते. सहाव्या वेळी पिंजरा उघडताना तेथल्या झोपडीतून एक बाई बाहेर आली. तिने पिंजऱ्याकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले, आणि शांतपणे विचारले, “काका, तुमच्या घरी पाप नको म्हणून आमच्या घरी सोडता का?”

मला उत्तर सुचले नाही, आणि अजूनही सुचलेले नाही. अनोळखी जागी सोडलेला उंदीर बहुधा जगत नाही, असे जाणकार सांगतात. जगला तर कोणाच्या तरी धान्यावर जगतो. म्हणजे मी एक तर त्याला माझ्या नजरेआड मरायला सोडले होते, नाही तर त्या बाईच्या पिठाच्या डब्यावर सोडले होते. दोन्ही प्रकारांत मी पुन्हा नळावर हात धुवायला गेलो होतो.

विषाची गोष्ट याहून वाईट. बाजारात मिळणारी बरीचशी विषे रक्त गोठू देत नाहीत. उंदीर खाल्ल्यावर चारसहा दिवसांनी आतल्या आत रक्त वाहून मरतो, बहुतेक वेळा फळीमागे, जेथे आपला हात पोचत नाही. अर्धमेला फिरत असताना त्याला मांजराने किंवा गव्हाणी घुबडाने धरले, तर ते विष त्यांच्याही पोटात जाते. गणपतीचे वाहन मारायला निघावे आणि लक्ष्मीचेही मारून यावे, असा हा व्यवहार. चिकट फळ्यांविषयी तर बोलवत नाही. उंदीर तीवर चिकटून तासन् तास तडफडतो आणि मालक ती फळी तशीच कचऱ्यात टाकतो. भारतीय प्राणी कल्याण मंडळाने २०११ व २०२० साली राज्यांना त्यांविरुद्ध लिहिले, आणि प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा कायदा तर १९६० पासून आहे; तरी त्या अजून दुकानांत दिसतात. मारायचेच असेल तर क्षणात मान मोडणारा स्प्रिंगचा सापळा यांपेक्षा दयाळू आहे, हे लिहिताना कसेसेच वाटते, पण ते खरे आहे.

मग उरते काय? ते पंचतंत्रात सापडते, आणि तेही उंदराच्याच तोंडी. हिरण्यक नावाचा उंदीर आपली कथा सांगतो. एका मठात ताम्रचूड नावाचा संन्यासी राही. उरलेली भिक्षा तो पात्रात घालून उंच खुंटीवर टांगी, आणि हिरण्यक तेथवर उडी मारून ती फस्त करी. संन्यासी फाटक्या बांबूने आपटून आपटून दमला. मग पाहुणा आलेला दुसरा संन्यासी म्हणाला की या उडीला काही तरी कारण असले पाहिजे. दोघांनी बीळ खणले, खाली साठविलेला ठेवा काढून घेतला, आणि त्यानंतर हिरण्यकाला तेवढी उडी जमेना. कथाकाराला तेथे धनाचा माज सांगायचा आहे. मी मात्र ती कथा यंदा निराळ्या नजरेने वाचली. पहिला संन्यासी उंदराशी भांडत होता, दुसरा कारणाशी बोलला.

आमच्या गाडीत कारणे भरपूर होती. उरलेले पोहे, गुळाची ढेप, प्रसादाचे खोबरे, तुपात भिजविलेल्या वाती, अंगाचा साबण. यांतले काहीही उंदराला वर्ज्य नाही. देव्हाऱ्यासाठी जे जे भक्तीने जमविले होते ते ते त्याच्या पंगतीचे झाले होते. गाडी गवतात, भिंतीला चिकटून उभी, त्यामुळे चाकांवरून आणि भिंतीवरून दोहों बाजूंनी रस्ता. मादीला गर्भार राहून प्रसवायला तीन आठवडे पुरतात, आणि सहाएक आठवड्यांत तिची पिले स्वतः आईबाप व्हायला सिद्ध होतात. चार महिने आम्ही तिकडे फिरकलो नाही, म्हणजे ती सहा पिले आम्हीच अंगणात बोलावून घेतली होती. बोलावले आणि आल्यावर मारले. माझ्या मते पातक येथे आहे, आश्विनातल्या त्या सकाळी नव्हे, ज्येष्ठातल्या त्या दुपारी, जेव्हा ‘नंतर पाहू’ म्हणून मी दार ओढून घेतले. आळस हा दोष आपण स्वभावाच्या खात्यात टाकतो. तो हिंसेच्या खात्यातही लिहिला पाहिजे, असे मला वाटू लागले आहे.

यंदा ज्येष्ठात आम्ही निराळे केले. गाडीतून खाण्याचे सर्व काही, गाद्या आणि देवाची वस्त्रेदेखील, घरी नेली. गाडी गवतातून काढून फरशीवर, भिंतीपासून दूर लावली. कप्पे उघडे ठेवले, कारण उंदराला अंधारा, बंद कोपरा आवडतो. गेल्या वर्षीच्या लेंड्या निघाल्या त्या कोरड्या झाडल्या नाहीत. दारे उघडून, नाकातोंडाला फडके बांधून, ब्लीचिंग पावडरच्या पाण्याने भिजवून मग पुसल्या. डांबरगोळ्या आणि पुदिन्याचे तेल वहिनींनी सुचविले होते. वासाने उंदीर दोन दिवस बिचकतो, तिसऱ्या दिवशी नांदू लागतो, आणि बंद गाडीतल्या डांबरगोळ्यांची वाफ माणसालाच बाधते, म्हणून ते टाळले. कानाला न ऐकू येणारा आवाज करणारी यंत्रे मिळतात, त्यांच्यावरही भरवसा ठेवण्याजोगे काही आढळले नाही.

मुख्य काम भोकांचे. घरातल्या उंदराला पेन्सिल जाईल एवढी फट पुरते, म्हणजे सहासात मिलिमीटर. डोके गेले की अंग जाते. ती फट दिवसा दिसत नाही. यावर युक्ती राखणदारानेच सांगितली. रात्री गाडीच्या आत दिवा लावायचा, बाहेरचे दिवे मालवायचे, आणि खाली चटई टाकून गाडीच्या पोटाकडे पाहत निजायचे. जेथून उजेड गळतो तेथून उंदीर येतो. असे आम्ही दोघे चटईवर शेजारी निजून पाहिले तेव्हा गाडीचे पोट आकाशासारखे दिसले. मोजून सतरा ठिकाणी उजेड होता. पाण्याच्या नळीभोवती, विजेच्या तारा आत जातात तेथे, दाराच्या झिजलेल्या रबरापाशी. बारीक फटींत भांडी घासण्याची पोलादी लोकर घट्ट कोंबून वर लुकण लावले. नुसता फोम उंदीर हसत हसत कुरतडतो. मोठ्या भोकांवर पत्रा ठोकला. शेगडीखालची गॅस बाहेर जाण्याची जाळी मात्र बुजविली नाही, ती बुजविणे म्हणजे उंदराऐवजी स्वतःला मारणे. तिच्यावर बारीक तारेची जाळी लावली.

गणेशपुराणात क्रौंच गंधर्वाची कथा येते. शापाने तो प्रचंड मूषक होतो आणि पराशरांच्या आश्रमात धुमाकूळ घालतो. गणेश त्याला पाशाने धरतो, मारीत नाही, आणि मोकळाही सोडीत नाही. त्याच्यावर आरूढ होतो. आपल्याला तेवढे सामर्थ्य नाही. आपल्या हाती पोलादी लोकर आहे.

पण त्या बाईचा प्रश्न तसाच राहिला होता. आमची गाडी बंद झाली तर उंदीर जवळच्या पत्र्याच्या खोलीत जाणार, आणि त्या खोलीत राखणदाराची दोन मुले जमिनीवर निजतात. म्हणून गाडीचे सामान आणताना त्या खोलीचेही आणले. जमीन आणि पत्रा यांमधली फट सिमेंटने भरली, दाराच्या खालच्या कडेला पत्र्याची पट्टी मारली, आणि ज्वारीसाठी झाकणाची पत्र्याची कोठी दिली. हे पुण्य म्हणून सांगत नाही. मजुरी त्यानेच केली, आम्ही सिमेंट दिले. आणि खाडीपलीकडच्या झोपडीपर्यंत तर आमचे हात अजून पोचलेलेच नाहीत.

काम संपल्यावर मी त्याला विचारले, गेल्या वर्षीच्या त्या पिलांचे काय केलेत? वर्षभर विचारायचे राहिले होते. तो जरा वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “काका, ते तुम्ही तेव्हा विचारायला पाहिजे होते.” आणि दिव्याकडे बोट करून म्हणाला की क्लचच्या दांडीपाशी अजून एक राहिले आहे. मी पुन्हा चटईवर निजलो. खरेच, तेथे केसाएवढा उजेड होता. त्याने लोकरीचा बोळा माझ्या हातात दिला.